‘काही नाही, घरीच असते’: आईच्या कामाचा सरकारी इतिहास

आजच्या भागात ना गड आहेत, ना तह, ना लढाया. आज आपण एका रकान्याचा इतिहास बघणार आहोत. शाळेच्या, कॉलेजच्या, बँकेच्या फॉर्ममध्ये असतो तो रकाना: ‘आईचा व्यवसाय’. आपल्यातले बरेच जण तिथे ‘गृहिणी’ लिहून पुढे सरकतात. आणि कुणी तोंडी विचारलं, आई काय करते? तर उत्तर ठरलेलं. ‘काही नाही, घरीच असते.’

ह्या ‘काही नाही’ची सरकारने काय किंमत लावली, कधी लावली आणि कशी टाळली, हा आजचा विषय.

सुरुवात आमच्या सुकापूरपासून करतो. नवीन पनवेलहून माथेरान रोडला लागलं की सुकापूर लागतं. कधीकाळचं भातशेतीचं गाव, आता इमारतीला इमारत लागलेली. सकाळी सहा-सात वाजल्यापासून रिक्षा स्टेशनकडे पळतात, लोकलवाले जातात, आणि दिवसभराचं जे सुकापूर मागे उरतं ते बहुतेक बायकाच चालवतात. पाणी कधी येणार, शाळेची व्हॅन आली का, सासऱ्यांची बीपीची गोळी संपली का, सिलेंडरचा नंबर लावला का. ह्या कामाला सुट्टी नाही आणि पगारपत्रकही नाही.

जुलै २०२४ मध्ये ह्याच बायका झेरॉक्सच्या दुकानांसमोर आणि अंगणवाड्यांसमोर रांगेत उभ्या होत्या. महाराष्ट्रभर तेच चित्र होतं. २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना’ जाहीर झाली होती. महिन्याला १५०० रुपये थेट बाईच्या खात्यात. पैसे चांगले की वाईट, परवडतात की नाही, ह्यावर टीव्हीवर पुष्कळ भांडणं झाली. मला त्यात एक साधा प्रश्न दिसतो, जो फारसा कुणी विचारला नाही. हे पैसे कशाचे? कामाचा मोबदला? मदत? हक्क? की ओवाळणी?

हा प्रश्न जुना आहे, आणि आपल्या मुंबईतच तो पहिल्यांदा नीट विचारला गेला.

साल १९२८. मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. गिरण्यांमध्ये हजारो बायका काम करत होत्या, बाळंत झालं की मजुरी बुडायची. गिरणीमालकांचं म्हणणं, हा खर्च आमच्या माथी कशाला? डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा विधिमंडळाचे सदस्य होते. जुलैमधल्या भाषणात त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला, पण त्यांचा मुद्दा गिरणीच्या पलीकडचा होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं ही देशाच्या हिताची गोष्ट आहे, लोकांचं कल्याण हे मुळात सरकारचं काम आहे, तेव्हा ह्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा. तोपर्यंत, ज्याला त्या बाईच्या श्रमाचा फायदा मिळतो त्या मालकाने तो उचलणं योग्यच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

इथे जरा थांबा. खर्च सरकारचा, कारण मूल फक्त त्या घराचं नसतं, समाजाचं असतं. म्हणजे जी बाई गिरणीत जात नाही, जी फक्त आई आहे, तिलाही हा युक्तिवाद लागू होतो! पण १९२९ चा कायदा झाला तो फक्त कारखान्यातल्या बायकांसाठी, आणि भार मालकांवरच राहिला. हा देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा, त्याचं मोल कमी नाही. पण घरातली आई बाहेर राहिली ती राहिलीच.

आता येऊया मला ह्या सगळ्यात सर्वांत जास्त आवडणाऱ्या गोष्टीकडे. ही शाळेच्या पुस्तकात नाही, आणि का नाही हे मला खरंच कळत नाही.

१९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना राष्ट्रीय नियोजन समिती बनली. अध्यक्ष पंडित नेहरू. स्वातंत्र्य मिळायला अजून ९ वर्षं होती, तरी स्वतंत्र भारताचं आर्थिक नियोजन कसं असेल ह्याचा आराखडा ही मंडळी करत बसली होती. शेती, उद्योग, वीज, एकेका विषयाला एकेक उपसमिती. त्यातली एक होती ‘नियोजित अर्थव्यवस्थेतील स्त्रियांचं स्थान’ ह्या विषयावर. तिच्या अध्यक्ष होत्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे. नावावरून कुणी संस्थानी राणीसाहेब वाटतील. पण ह्या अमरावतीच्या सर मोरोपंत जोशींच्या कन्या, स्वतः डॉक्टर, लग्नानंतर ग्वाल्हेरच्या, आणि अखिल भारतीय महिला परिषदेच्या आघाडीच्या नेत्या.

ह्या उपसमितीने १९४० मध्ये अहवाल दिला. त्यात जे म्हटलंय ते आजही कुठल्याच पक्षाला जाहीरनाम्यात घालायची हिंमत होणार नाही. अहवालाचा सूर असा: घर चालवणाऱ्या बाईचं काम हे कामच आहे, त्याला आर्थिक मोल आहे. तिला त्याचं वेतन मिळत नाही. मग वेतनाच्या जागी काय? तर कुटुंबाच्या उत्पन्नातल्या काही भागावर तिचा पूर्ण ताबा हवा. तो नवऱ्याने खूश होऊन दिलेला हातखर्च नव्हे, तिचा स्वतःचा भाग. आणि नवऱ्याच्या मालमत्तेत असा वाटा हवा जो तो परस्पर काढून घेऊ शकणार नाही.

१९४०! तेव्हा हिंदू मुलीला वडिलांच्या मालमत्तेत भावाइतका हक्कसुद्धा नव्हता. तो यायला २००५ उजाडलं.

अहवाल १९४७ मध्ये मुंबईत पुस्तक म्हणून छापून आला. आणि मग? मग तो कपाटात गेला. पहिली पंचवार्षिक योजना १९५१ मध्ये सुरू झाली, तेव्हा अर्थमंत्री होते आपल्या रायगडचे चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले. १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ बनलं, त्याच्या पहिल्या अध्यक्ष दुर्गाबाई देशमुख, त्याच वर्षी चिंतामणरावांशी लग्न झालेल्या, म्हणजे रायगडच्या सूनबाईच. दुर्गाबाईंनी फार मोठं काम उभं केलं. पण सरकारी फायलीत बाईचा विभाग बदलला तो बदललाच. राजवाडेंच्या अहवालात ती कामकरी होती, अर्थव्यवस्थेचा भाग होती. आता ती ‘कल्याणा’च्या यादीत गेली. कल्याण म्हणजे जिला द्यायचं ती. जिचं देणं लागतो ती नव्हे.

हिशेबाच्या वहीतही तेच झालं. देशाचं उत्पन्न मोजायला १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली, त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस होते, पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. ती मोजणी जगभरच्या रिवाजानेच झाली: विकलं जातं ते धरायचं, घरात होतं ते सोडायचं. ह्या रिवाजावर पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच बोट ठेवलं होतं. एखाद्याने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केलं तर देशाचं उत्पन्न घटतं, असं तो म्हणाला होता. काम तेच, भांडी तीच, फक्त पगार थांबला!

हे सुकापूरमध्ये बसून बघा. इथली एखादी बाई नवीन पनवेलच्या सेक्टरमध्ये चार घरची धुणीभांडी करते. ती कामगार. २००८ मध्ये महाराष्ट्राने तिच्यासाठी घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही केला. संध्याकाळी तीच बाई स्वतःच्या घरात तेच काम करते, तेव्हा ती कुणीच नसते.

जनगणनेतही घरकाम करणारी बाई ‘काम न करणारी’च. महिला संघटनांनी बोंब मारल्यावर १९९१ च्या जनगणनेत प्रश्नात दुरुस्ती झाली: घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या बाईलाही काम करणारी धरा. चांगली दुरुस्ती. पण स्वयंपाक, मुलं, आजारपण, पाणी? ते तसंच बाहेर.

ह्या सगळ्या काळात एका माणसाने मात्र वेगळीच वाट काढली, आणि तीही दिल्लीच्या कमिटीत बसून नाही. शरद जोशी. शेतकरी संघटनेचे. शेतमालाच्या भावासाठी रस्ते अडवणारा नेता म्हणून आपल्याला माहीत. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरलं. त्यानंतर काही वर्षांनी, १९९० च्या आसपास, त्यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम काढला. कल्पना अशी: घरच्या लक्ष्मीने आयुष्यभर राबून जे केलं त्याचं देणं शेतकऱ्याच्या डोक्यावर आहे, ते फेडायचं तर जमिनीचा एक तुकडा तिच्या नावावर करा. ज्या गावात शंभर घरांनी असं केलं ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. त्या गावात शरद जोशी स्वतः जायचे. गावाने सत्कारासाठी बोलवावं आणि येण्याची अट ही असावी, ह्याला म्हणतात चळवळीचं डोकं!

सरकारनेही दखल घेतली. १९९२ मध्ये परिपत्रक निघालं, नवऱ्याची इच्छा असेल तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी झाली. ‘नवऱ्याची इच्छा असेल तर’ हे शब्द लक्षात ठेवा.

पनवेल तालुक्यात सातबाऱ्यावर नाव असण्याचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, दि. बा. पाटलांनी लढा दिला, जासईला १९८४ मध्ये गोळ्या खाल्ल्या लोकांनी, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांची योजना आली. पण ते भूखंड, तो मोबदला कुणाला? ज्याचं नाव कागदावर त्याला. शेतात चिखलणी-लावणी कुणी केली हे सातबारा विचारत नाही.

बरं, मग सरकारी यंत्रणेने घरातल्या बाईच्या कामाला रुपयांत किंमत कधीच लावली नाही का? लावली. ती मेल्यावर.

हे ऐकायला कडवट आहे पण खरं आहे. ३ मार्च १९८९ ला जमशेदपूरला टाटा स्टीलच्या समारंभात आग लागली, बळींमध्ये बायका आणि मुलंच जास्त. नुकसानभरपाई ठरवायचं काम आलं माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांच्याकडे, म्हणजे आपल्या पुण्याचे. नोकरी करणाऱ्याचा हिशेब सोपा असतो, पगार बघायचा. गृहिणीचा काय बघायचा? त्यांनी वर्षाला १०-१२ हजार रुपये धरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २००१ मध्ये लता वाधवा खटल्याच्या निकालात कोर्ट म्हणालं की हे फारच कमी आहे. अगदी बेताचा अंदाज केला तरी गृहिणीच्या सेवेचं मोल महिन्याला ३००० रुपये धरायला हवं.

हा आकडा डोक्यात ठेवा. २००१, महिना ३०००, ‘बेताचा अंदाज’.

मोटार अपघाताच्या कायद्यात १९९४ पासून आणखी एक सूत्र होतं: न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न म्हणजे कमावणाऱ्याच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश. म्हणजे तुमच्या आईच्या कामाची किंमत तुमच्या बाबांच्या पगारावर! बाबा साहेब असतील तर आईची पोळी महाग, बाबा हमाल असतील तर स्वस्त. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणकुमार अग्रवाल खटल्यात ह्यावर आणि जनगणनेवरही कोरडे ओढले. २००१ च्या जनगणनेत सुमारे ३६ कोटी बायकांना काम न करणाऱ्यांत टाकलं होतं, भिकारी आणि कैदी ज्या गटात त्याच गटात.

आणि तरीही आपल्या अमरावती जिल्ह्यात अचलपूरच्या न्यायाधिकरणाने एका अपघाताचा दावा फेटाळलाच होता, कारण काय, तर मयत बाई गृहिणी होती, तिला उत्पन्न नव्हतं. नवरा आणि मुलं हायकोर्टात गेली. नागपूर खंडपीठाने २०२० मध्ये तो निकाल फिरवला आणि भरपाई दिली. अपघात २००५ चा. पंधरा वर्षं ते कुटुंब एवढंच सिद्ध करत होतं की आमची आई काहीतरी करत होती.

आता जिवंत बायकांकडे येऊ. महाराष्ट्रात फार वर्षं जिवंत बाईला सरकारी पैसे मिळायचे ते बहुतेक ‘निराधार’ असल्यावर; संजय गांधी निराधार योजना १९८० ची. घरात पुरुष आहे म्हणजे आधार आहे, असं गृहीत. हे गृहीत ब्रिटनमध्ये एलिनॉर रॅथबोन नावाच्या खासदार बाईने मोडलं होतं. तिथे १९४५ मध्ये मुलांसाठी कुटुंबभत्त्याचा कायदा आला, सरकार पैसे बापाच्या हाती द्यायला निघालं होतं. ती अडून बसली: पैसे आईलाच. आणि ते आईलाच गेले.

आपल्याकडे शेजारच्या गोव्याने हे आधी केलं. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना २०१२ मध्ये ‘गृह आधार’ योजना आली. सुरुवातीला महिना १००० रुपये, पुढे वाढत १५००. आणि ही योजना चक्क गृहिणींसाठी होती, तसं तिच्यात म्हटलेलं होतं. मात्र कारण दिलं होतं महागाईचं, घर चालवायला आधार. कामाचा मोबदला असं नाही. तमिळनाडूने सप्टेंबर २०२३ मध्ये १००० रुपयांची योजना आणली, तिच्या नावातच ‘हक्काची रक्कम’ असा शब्द घातला, मदत म्हणायचं मुद्दाम टाळलं. मध्य प्रदेशाने त्याच वर्षी ‘लाडली बहना’ आणली. आणि आपण कुणाचं नाव उचललं ते तुम्हाला माहीतच आहे.

महाराष्ट्राच्या जी.आर.ची सुरुवात वाचण्यासारखी आहे. राज्यात रोजगारात पुरुष ५९.१० टक्के आणि स्त्रिया २८.७० टक्के, असा आकडा देऊन तो सुरू होतो. म्हणजे उरलेल्या बायका रोजगारात नाहीत, म्हणून आर्थिकदृष्ट्या मागे, म्हणून मदत. त्या दिवसभर काय करतात हा मुद्दा त्यात येतच नाही. पहिले दोन हप्ते एकत्र, ३००० रुपये, खात्यात पडायला लागले ते १४ ऑगस्टपासून. रक्षाबंधन होतं १९ ला. भावाने बहिणीला घातलेली ओवाळणी, असंच ते सगळीकडे सांगितलं गेलं.

मला ह्या पैशाला नावं ठेवायची नाहीत, आधीच सांगतो. स्वतःच्या नावाचं खातं, त्यात स्वतःचे पैसे, हे आयुष्यात पहिल्यांदा अनुभवणाऱ्या बायका आपल्या आजूबाजूला आहेत. ज्यांना १५०० रुपये किरकोळ वाटतात त्यांनी जरा त्यांच्याशी बोलावं. माझा मुद्दा नावाचा आहे, कारण नावावरून पुढचे व्यवहार ठरतात. मोबदला थकला तर मागता येतो. ओवाळणी मागता येत नाही, भाऊ जेवढी घालेल तेवढी.

आणि झालंही तसंच. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत २१०० चं आश्वासन होतं, मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ते आलं नाही. मग छाननी. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे, त्याही आपल्या रायगडच्याच, ह्यांनी सांगितलं की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचे पैसे तपासणीसाठी थांबवले आहेत. काही ठिकाणी पुरुषांनीच पैसे उचलले होते, तेव्हा छाननी नको असं कोण म्हणेल? पण सप्टेंबरमध्ये ई-केवायसी आली, तिच्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबरही मागितला. विधवा आणि घटस्फोटित बायकांनी काय करायचं, ह्याची सोय नंतर करावी लागली. १९९२ च्या परिपत्रकातली ‘नवऱ्याची इच्छा’ आता ओटीपी होऊन आली, एवढाच फरक.

थोडा हिशेब करू, मोबाईलवर कॅल्क्युलेटर आहेच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ बिनपगारी घरकामात जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. मुलं, म्हातारे, आजारी ह्यांचं करणं वेगळं मोजलंय, ते सोडून देऊ. २८९ गुणिले ३० म्हणजे महिन्याला सुमारे १४५ तास. १५०० भागिले १४५. तासाला साधारण १० रुपये. ह्यात स्टेशनबाहेर एक वडापाव येत नाही. आणि २००१ च्या त्या ‘बेताच्या अंदाजाच्या’ बरोबर अर्धे, तेही तेवीस वर्षांनंतर. दोन्ही आकड्यांची जात वेगळी आहे हे मान्य, एक भरपाईचा, एक योजनेचा. पण शेजारी ठेवून बघायला काय हरकत आहे?

एक गोष्ट राहून जायला नको. हे फॉर्म भरले कुणी? मोठ्या प्रमाणावर अंगणवाडी सेविकांनी, फॉर्ममागे ५० रुपये जाहीर झाले होते. ह्याच सेविका डिसेंबर २०२३ पासून जवळपास ५० दिवस संपावर होत्या. त्यांना महिन्याला मिळतं त्याला सरकार पगार म्हणत नाही, ‘मानधन’ म्हणतं. अंगणवाड्या १९७५ पासून आहेत. म्हणजे मुलं सांभाळण्याचं काम घराबाहेर, सरकारच्या खोलीत, सरकारच्या रजिस्टरवर केलं तरी ते पूर्ण काम होत नाही, मान देऊन दिलेलं धन होतं. आईचं काम मोजायला सरकार का कचरतं ह्याचं उत्तर मला वाटतं इथेच आहे. मोजलं की द्यावं लागेल, आणि ते किती होईल ह्याचा अंदाज सगळ्यांनाच आहे.

पुढची जनगणना जवळ आली आहे, तिची संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७. कर्मचारी सुकापूरच्या इमारतींतही येतील, ह्या वेळी हातात वही नसेल, मोबाईल असेल. गेल्या वर्षभरात काय काम केलं, हा प्रश्न घरातल्या प्रत्येकासाठी असतो. बऱ्याच घरांत आईच्या वतीने उत्तर दुसराच कुणीतरी देतो, दारात उभा राहून, हातात फोन धरून. त्या दिवशी घरी असलात तर उत्तर तिलाच देऊ द्या, आणि ती काय म्हणते ते आम्हाला कळवा. मिळालेल्या उत्तरांवर एक वेगळा भाग करू.

तोवर, राणी लक्ष्मीबाई राजवाडेंबद्दल कुणाच्या घरी, विशेषतः अमरावतीकडच्या श्रोत्यांकडे, काही जुनं लिखाण किंवा फोटो असतील तर जरूर पाठवा. भेटूया पुढच्या भागात.